जखम करंगळीला आणि गाठ काखेत, असं का होतं?

वादक_नदीपात्र

मंडळी, एक शंका आहे. दवाखान्यात मागे एवढी रांग होती की डॉक्टरांना विचारायला जमलं नाही, म्हणून इथे विचारतोय. आमच्या पथकाचा सराव नदीपात्रात चालू आहे, म्हात्रे पुलाच्या बाजूला. मी ढोल वाजवतो, टिपरू उजव्या हातात आणि डावा हात पानावर म्हणजे ढोलाच्या कातड्यावर, आणि डाव्या करंगळीला ढोलाची कड लागून लागून सालटं निघालं. वर चिकटपट्टी होती पण पाऊस, घाम, माती, सगळं आत जातंच. मग बोट लाल झालं, टम्म सुजलं, रात्रभर ठणका, बाजूने पिवळा पू दिसायला लागला, अंगात कसकस. आणि त्यानंतर डाव्या काखेत गाठ! दाबली की दुखते, बोटाखाली सरकते.

डॉक्टरांनी पू काढला, ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले अवधाण आहे, म्हणजे जखमेमुळे आलेली गाठ, उतरेल. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी पण केली, त्यात डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी १३,८००, आणि त्यांच्यातल्या प्रकारांपैकी न्यूट्रोफिल ८२ टक्के, लिम्फोसाइट १२ टक्के म्हणजे कमी असं लिहिलंय.

आता मला कळत नाही की जखम बोटाला, मग मधला अख्खा हात सोडून गाठ काखेत कशी काय आली? इन्फेक्शन तिथपर्यंत पोचलंय का? लिम्फोसाइट कमी म्हणजे माझी इम्युनिटी कमी आहे का? आई म्हणते चुना-हळदीचा लेप लाव आणि तेलाने चोळ, एक मित्र म्हणतो इम्युनिटी वाढवायचा काढा चालू कर, दुसरा म्हणतो गाठ म्हणजे लगेच स्कॅन कर. गणपती तोंडावर आलेत, कोणीतरी नीट समजावून सांगा.


लेशमन_स्टेन

मी लॅबमध्ये काम करते त्यामुळे आधी रिपोर्टबद्दल. मोठ्या माणसाचे डब्ल्यूबीसी साधारण ४,००० ते ११,००० असतात आणि त्यात न्यूट्रोफिल ४० ते ७५ टक्क्यांच्या आसपास. पू झालेली जखम असताना हे दोन्ही वाढायलाच हवेत, नसते वाढले तर मला जास्त काळजी वाटली असती. आणि लिम्फोसाइट कमी झालेच नाहीयेत, टक्केवारी बघून घाबरू नकोस, आकडा काढ. १३,८०० चे १२ टक्के म्हणजे साधारण १,६५०, हे अगदी नॉर्मल आहे. न्यूट्रोफिल ११,३०० च्या पुढे गेलेत म्हणून बाकीच्यांची टक्केवारी आपोआप खाली दिसते. रिपोर्ट हातात आला की लोक ती टक्क्यांची ओळ बघून नेटवर शोधत बसतात आणि रात्रभर झोपत नाहीत, इतकं वाईट वाटतं मला. प्रत्येक पेशीचा प्रत्यक्ष आकडा रिपोर्टवर ठळक छापायला हवा असं माझं मत आहे.

आता बोटात काय झालं ते. अखंड कातडी असली की बहुतेक जंतूंना आत शिरताच येत नाही, ती कोरडी असते, थोडी आम्ल असते, वरचा थर सतत गळून पडत असतो. सालटं निघालं की तो बंदोबस्त संपला. अशा जखमेत पू करणारा जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो आणि तो कुठून बाहेरून यावा लागतो असंही नाही, साधारण ३० टक्के लोकांच्या नाकात तो एरवी गुपचूप राहतच असतो. आत शिरल्यावर त्याची पहिली गाठ पडते ती मॅक्रोफेज नावाच्या पेशींशी, त्या कातडीखाली कायमच्या मुक्कामाला असतात. जंतूंच्या भिंतीत काही रेणू असे असतात की जे आपल्या शरीरात कुठेच नसतात, ते ओळखणारे रिसेप्टर या पेशींवर असतात. या पहिल्या फळीच्या कामासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं. ओळख पटली की मॅक्रोफेज रसायनं सोडतात, मग तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून बोट लाल आणि गरम, त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं म्हणून सूज, आणि नसांची टोकं हुळहुळी होतात म्हणून ठणका. म्हणजे तुला जे त्रासदायक वाटत होतं त्यातलं बरंचसं जंतूने केलेलं नव्हतं, तुझ्याच शरीराने केलेलं होतं आणि ते गरजेचं होतं.

सैल झालेल्या वाहिन्यांमधून न्यूट्रोफिल बाहेर पडतात. आधी भिंतीला चिकटत चिकटत घरंगळत येतात, मग थांबतात, मग दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून पलीकडे. तिथे जंतू गिळतात, आत विरघळवतात, आणि काही तर स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याच्या जाळ्यात जंतूंना अडकवतात, हे जाळ्याचं प्रकरण २००४ मध्ये समजलं. हे सगळं करताना ते स्वतः मरतात. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल, मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेला भाग. त्याला जी पिवळट-हिरवट झाक असते ती न्यूट्रोफिलमधल्याच एका हिरव्या एन्झाइममुळे, सर्दीत शेंबूड हिरवा होतो तोही त्यामुळेच, म्हणून नुसता रंग बघून अँटिबायोटिक मागू नये.

हाडांच्या मगजात रोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात आणि गरज पडली की अजून वाढतात. स्लाइडवर हे डोळ्यांनी दिसतं. मुरलेल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन ते पाच तुकड्यांत असतं, जांभळे ठिपके एका धाग्याने जोडल्यासारखे, आणि जोराचं इन्फेक्शन असलं की मगजातून कोवळ्याच पेशी बाहेर पाठवल्या जातात, त्यांचं केंद्रक तुकडे न पडलेलं, सलग वळलेल्या पट्टीसारखं दिसतं. अशा पट्ट्या वाढलेल्या दिसल्या की मी रिपोर्टवर तसं लिहिते आणि डॉक्टरांना फोनच करते. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले तर त्याला इन्फेक्शन होऊनही पू धरत नाही, सूज फारशी येत नाही, फक्त ताप येतो, आणि तो ताप म्हणजे ताबडतोब हॉस्पिटल. तेव्हा तुझ्या बोटात पू झाला याचा अर्थ तुझी यंत्रणा जागेवर आहे.

एक छोटी गोष्ट, जोरदार व्यायामानंतरही डब्ल्यूबीसी काही वेळ वाढतात कारण वाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात. पुढची सीबीसी सरावावरून थेट येऊन देऊ नकोस.


निवृत्त_सिस्टर_कर्वेनगर

बाळा, मी सर्जिकल वॉर्डात नोकरी केली आहे म्हणून हक्काने सांगते, गाठ चोळायची नाही. दाबायची नाही, बोटही पिळायचं नाही, पू डॉक्टरांनाच काढू दे. चुना तर मुळीच नको, कातडी भाजते आणि मग एक जखम होती तिथे दोन होतात. आईला सांग की शेक चालेल, कोमट पाण्याचा, आणि हात उशीवर उंच ठेवून झोपायचं, त्याने ठणका खरंच कमी होतो. बिब्बा घालतात काही जण, त्याने फोड येऊन चिघळलेले पेशंट मी पाहिलेत, तेही नको.

गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नकोस, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घे. आणि मला सांग, कोपरापासून काखेकडे हाताच्या आतल्या बाजूने लालसर रेघ दिसतेय का? आणि बोट सरळ करता येतंय का?


मायक्रो_शिकवतो

काखेतल्या गाठीचं मी सांगतो, माझा आवडता विषय आहे आणि कॉलेजात यासाठी तास कधी पुरत नाही.

रक्तवाहिन्यांमधून जे पाणी पेशींच्या मधल्या जागेत झिरपतं त्यातलं बरंचसं परत रक्तात जातं पण सगळं नाही, दिवसाला दोन ते चार लिटर मागे उरतं. ते गोळा करायला वेगळ्या बारीक नळ्या असतात, लसिकावाहिन्या. त्यांना हृदयासारखा पंप नाही, त्यांच्या भिंतीच हळूहळू आकसतात आणि आपले स्नायू हलले की त्या दाबाने द्रव पुढे सरकतो, आत झडपा असतात म्हणून मागे येत नाही. या नळ्या हत्तीरोगाच्या कृमींनी बिघडवल्या की पाय कसा होतो ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. तर या वाटेवर ठिकठिकाणी लसिकाग्रंथी आहेत, अंगभर मिळून साधारण ६००, त्यातल्या वीस-तीस एकेका काखेत. हाताचं सगळं पाणी शेवटी काखेतून जातं. करंगळीच्या बाजूचं पाणी आधी कोपराच्या आतल्या बाजूच्या छोट्या ग्रंथीकडे जातं आणि मग वर, अंगठ्याकडचं बहुतेक थेट काखेत. म्हणजे मधला हात सुटलेला नाही, वाटेत थांबायला जागाच तेवढ्या आहेत. तू कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, हलकं चाचपून बघ, तिथेही बारीकशी लागेल कदाचित.

आता ग्रंथी सुजते का? काही जंतू वाहत तिथपर्यंत येतात आणि तिथले मॅक्रोफेज त्यांना गाळून घेतात, हे एक. पण त्याहून मोठं काम वेगळंच आहे. जखमेत डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात, त्या जंतूचे तुकडे गिळतात, आणि मग जखम सोडून लसिकेतून चालायला लागतात आणि साधारण दिवसभरात काखेत येऊन ते तुकडे आपल्या अंगावर मांडून बसतात. तिकडे रक्तातून टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, सारख्या या ग्रंथीतून ये-जा करत असतात. प्रत्येक टी पेशीचा रिसेप्टर वेगळा, आणि एखाद्या विशिष्ट तुकड्याशी जुळणारी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती एकटी बोटाच्या जखमेपर्यंत योगायोगाने कधी पोचणार? म्हणून वधू-वर मेळाव्यासारखं दोन्हीकडच्यांना एका हॉलमध्ये आणायचं, म्हणजे जुळण्याची शक्यता वाढते. त्या काळात ग्रंथीकडे रक्त जास्त येतं, आत येणाऱ्या पेशी वाढतात आणि बाहेर जायची दारं काही काळ बंद होतात, शिवाय जुळलेल्या पेशी भराभर विभागायला लागतात. वरचं वेष्टण ताणलं जातं, म्हणून दुखतं. तुझी गाठ म्हणजे हेच. इन्फेक्शन तिथे पोचून पू झालाय असं नाही, तसं होऊ शकतं पण मग गाठ लाल, गरम आणि मऊ पडते.

बी पेशी, लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार, पण तिथेच असतात. त्यातल्या जुळणाऱ्या बी पेशींना टी पेशींची मदत मिळाली की त्या अँटिबॉडी म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं बनवायला लागतात, पहिल्यांदा आयजीएम प्रकारची, मग आयजीजी. पहिल्या भेटीत याला आठवडाभर लागतो, तोपर्यंत सगळा भार न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजवर. ग्रंथीच्या आत या बी पेशी आपल्या जीनमध्ये मुद्दाम छोटे बदल करत जातात आणि जी जास्त घट्ट चिकटेल तीच टिकते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनंतरची अँटिबॉडी सुरुवातीच्यापेक्षा कितीतरी सरस असते. मुळात मोजक्या जीनमधून इतक्या तऱ्हेच्या अँटिबॉडी कशा बनतात, तर जीनचे तुकडे कापून उलटसुलट जोडून, हे सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं, १९८७ चं नोबेल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो, जन्मभर जो जंतू भेटणारही नाही त्याच्यासाठी पण पेशी तयार असते आपल्याकडे.

मग एकदा स्टॅफिलोकॉकस झाला की परत व्हायला नको ना? तर होतो. या जंतूच्या अंगावर प्रोटीन ए नावाचं प्रथिन असतं, ते अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतं, त्यामुळे मॅक्रोफेजला जिथून धरायचं ती बाजूच झाकली जाते. म्हणून गळवं पुन्हा पुन्हा होतात आणि म्हणून अजून याच्यावर मान्यता मिळालेली लस नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र वेगळ्या कामाचं. त्याचे बीजाणू मातीत असतात, नदीपात्रातली माती तर विचारूच नका. तो जंतू फारसा पसरत नाही पण त्याचं विष इतकं जहाल की माणूस मारायला जेवढं लागतं तेवढं इम्युनिटी जागी करायलासुद्धा पुरत नाही, म्हणून धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. लसीत तेच विष निकामी करून देतात. विषाविरुद्ध रक्तात काहीतरी तयार होतं हे बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्पावरच दाखवलं. आपल्या हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये निघाली तेव्हा सुरुवातीचं काम घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचं सीरम काढणं हेच होतं. आता टीटी म्हणजे नुसत्या धनुर्वाताच्या लसीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो. दर दहा वर्षांनी घ्या रे सगळ्यांनी, पथकात एक दिवस सगळ्यांचं मिळून करून टाका.

आणि काढ्याबद्दल: घशाला बरं वाटतं म्हणून आल्याचा प्या, मी पण पितो. पण इम्युनिटी ‘वाढवायची’ ही कल्पनाच मला पटत नाही. ती नको तिथे वाढली की दमा, संधिवात, टाइप वन डायबेटिस. शरीर तिला आवर घालायला खास टी पेशी ठेवतं, त्या शोधासाठीच ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. झोप, जेवण, लस आणि सिगारेट नको, एवढं करा.


पेठेतला_वाचक

वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. जांघेतली आणि काखेतली हीच गाठ पुण्याने १८९७ मध्ये फार भयंकर रूपात पाहिली आहे. प्लेगला तेव्हा ग्रंथिक सन्निपात म्हणत. पिसू बहुतेक पायाला चावते म्हणून गाठ जांघेत. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात घुसून बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासायचे ते ही ग्रंथी शोधायलाच, आणि त्या संतापातून २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते पुण्यात शाळकरी पोराला पण माहीत असतं. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

मायक्रो सरांना विचारायचं होतं, की ग्रंथी जर जंतू गाळून घेते तर प्लेगमध्ये माणूस का मरायचा?


मायक्रो_शिकवतो

@पेठेतला_वाचक कारण प्लेगचा जंतू मॅक्रोफेजने गिळला तरी आत मरत नाही, तिथेच वाढतो आणि ज्या पेशीने त्याला अडवायचं तिच्यातूनच ग्रंथीत पोचतो. बाहेर पडेपर्यंत त्याने स्वतःभोवती असं वेष्टण केलेलं असतं की पुढच्या पेशींना तो गिळताच येत नाही, शिवाय पेशींना सुईसारख्या नळीतून विषारी प्रथिनं टोचून गप्प करतो. ग्रंथी आतून सडते आणि जंतू रक्तात जातो. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. आज वेळेत मिळाली तर बहुतेक जण वाचतात.


वादक_नदीपात्र

बापरे, इतकं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सिस्टर, रेघ नाहीये, बोट सरळ होतंय, दुखतं पण होतंय. सर, कोपराच्या आत खरंच बारीक गाठ लागली! ताप आज नाही. उद्या ड्रेसिंग आहे.


निवृत्त_सिस्टर_कर्वेनगर

छान. तरी बाकीच्यांसाठी लिहून ठेवते, लाल रेघ वर चढत असेल, थंडी वाजून ताप भरला, किंवा बोट अख्खं सुजून वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना जीव जातोय असं दुखलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे. स्नायूबंधाच्या नळीत पू गेला तर बोट कायमचं आखडतं. गाठ जखम बरी झाल्यावर दोन-चार आठवड्यांत ओसरते. त्यापुढे राहिली, वाढत गेली, कडक आणि न हलणारी झाली, किंवा जखम वगैरे काहीच नसताना मानेला आली, वजन कमी होतंय, रात्री घामाने कपडे भिजतायत, तर सुईने तपासणी करून घ्या. आपल्याकडे मानेच्या गाठीत टीबी खूप निघतो आणि तो औषधाने बरा होतो. लपवू नका, विशेषतः मुलींच्या घरचे लपवतात.

सरावाचं म्हणशील तर जखमेवर कोरडी कातडी धरेपर्यंत ढोल नाही. ध्वज धर.


सिंहगडरोड_स्नेहा

विषय थोडा वेगळा आहे पण विचारते, बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, पायाला चप्पल लागून जखम झाली ती भरतच नाहीये, आणि त्यांना दुखत पण नाहीये त्यामुळे ते मनावर घेत नाहीत. हे न्यूट्रोफिलचंच काही आहे का?


लेशमन_स्टेन

@सिंहगडरोड_स्नेहा ताई, तेही आहे. रक्तात साखर सतत जास्त असली की न्यूट्रोफिल जखमेकडे हळू जातात आणि गिळलेला जंतू मारायलाही कमी पडतात. त्यात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, म्हणजे मगजाने कितीही पेशी बनवल्या तरी तिथे पोचायला वाटच कमी. आणि दुखत नाही ही चांगली खूण नाही, नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. उद्याच दाखवा, शुगर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) यांचे रिपोर्ट सोबत न्या, पायाची नाडी लागते का ते बघायला सांगा. तोवर अनवाणी अजिबात नको, देवळातसुद्धा नको, मोजे घालून जाऊ देत. आणि रोज रात्री तळपाय तुम्ही स्वतः उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट, त्यांना वाकून दिसत नसतं.